बंदुकीविना बारा बोअर

गुरुवार, बेळगाव

सांबऱ्याच्या विमानतळावरून घरी येईपर्यंत दादाने अमेरिकेचं नावही काढलं नाही. बॅग उघडली आणि सगळी अमेरिका खाटेवर पसरली. चॉकलेटं, बदाम, आईसाठी गुडघ्याचं मलम आणि सगळ्यांत खाली हातभर लांबीची नारिंगी प्लॅस्टिकची दांडी, टोकाला अर्धगोल खोबण. आईला ती पाठ खाजवायची काठी वाटली. मला मात्र लगेच कळलं. त्या खोबणीत तबकडी अडकवायची आणि हात झटकून हवेत भिरकावायची. पुढचं काम बंदुकीचं.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मिनेसोटात राहतो, पानगळीच्या दिवसांत बदकांच्या शिकारीला जातो आणि उन्हाळ्यात तबकड्या फोडतो. मी फक्त तबकड्या फोडते, म्हणजे ट्रॅप खेळते. दोघांचीही बंदूक बारा बोअरची, पण माझी एकावर एक नळ्यांची, मधून मोडून काडतूस भरायची. त्याची एकनळी, सेमी-ऑटोमॅटिक. यावरून आमचं फोनवर वर्षानुवर्षं भांडण चाललंय आणि ते मिटावं असं दोघांपैकी कुणालाच मनापासून वाटत नाही.

या सहलीत बंदूक नव्हती, हे आधीच सांगून टाकते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मग 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजवली. आपल्याकडे पाखरावर बार टाकणं हा गुन्हा आहे. सेमी-ऑटो तर साध्या परवान्यावर मिळतही नाही. त्याची बंदूक तिकडे कुलपात, माझी इथे कुलपात. आम्ही निघालो ते दुर्बीण आणि ती दांडी घेऊन.

संध्याकाळी कॅम्पात मामांकडे गेलो. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार. 1768 पासूनची ही रेजिमेंट, तिचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आमच्या भागात फौजी मामा नसलेलं घर शोधावं लागतं. मामांचा हात रायफलीवर बसलेला. शॉटगनचं, म्हणजे आमच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, नाव काढलं की ते नाक मुरडतात.

“मूठभर दाणे फेकायचे, एखादा लागतोच की. त्यात नेम कसला?”

दादाने वाद घातला नाही. फोनवर त्याच्या बंदुकीची खोललेली चित्रं दाखवत बसला. नळीला आतून दोन बारीक भोकं. बार उडाला की त्यांतून थोडा वायू निसटतो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याला, मागे नेतो. रिकामं काडतूस उजवीकडे उडतं, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता तो नवं काडतूस नळीत सारतो. चाप मात्र दर बाराला वेगळा दाबायचा. या सगळ्या धावपळीत बंदुकीचा धक्का नाहीसा होत नाही, पण लांबतो. एकदम बसायचा तो थोडा थोडा खांद्यावर येतो. बदल्यात दट्ट्यावर काजळी धरते आणि आळशी माणसाची बंदूक ऐन मोसमात अडते.

“आणि वायू नको असेल तर?” मामांनी विचारलं. नाक मुरडून झालं तरी यंत्र पाहिलं की फौजी माणसाला राहवत नाही.

मग इटलीच्या बेनेलीची गोष्ट निघाली. त्यात भोकं नाहीत, दट्ट्या नाही. एसटी झटक्यात सुटली की उभा माणूस जागीच राहतो आणि गाडी त्याच्या पायाखालून पुढे सरकते, तसं बंदूक धक्क्याने मागे येते आणि बोल्टचं जड अंग जागच्या जागी राहतं. मधली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि सुटताना बोल्टला मागे फेकते. आत स्वच्छ राहते, वजनालाही हलकी. पण काडतूस फारच हलकं असलं तर बोल्ट पुरता मागे येत नाही, आणि धक्का वायूवाल्या बंदुकीपेक्षा जास्त जाणवतो.

माझी बाजू मी इथेच मांडून घेते. माझी बंदूक मोडून हातावर टाकली की मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही दिसतं की ती रिकामी आहे. सेमी-ऑटोचं पोट बाहेरून दिसत नाही, म्हणून तिच्या तोंडात रंगीत झेंडी खोचावी लागते. मला दोन नळ्या, म्हणजे दोन चोक (छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीचं आवळलेलं तोंड): पहिला बार मोकळा, दूर गेलेल्या तबकडीला दुसरा घट्ट. त्याला एकच. शिवाय त्याचं रिकामं काडतूस उडून उजव्या हाताला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर जातं, आणि तबकडीवर डोळा लावलेल्या माणसाला याहून मोठा उपद्रव नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढून भरायच्या पंप-अ‍ॅक्शनला बंदी आहे, सेमी-ऑटोला नाही. पण तिच्यातही दोनच काडतुसं चालतात, आणि दादाचं सगळं कौतुक तिसऱ्या बाराचं.

“मग तुझ्या तिसऱ्या बाराचं लोणचं घालायचं का?” मी विचारलं.

“खांद्याचं बोल,” दादा म्हणाला. “125 तबकड्यांची फेरी, प्रत्येकीवर दोन बारांची मुभा. 24 ग्रॅमचं काडतूस असलं तरी शेवटाला खांदा हिशोब मागतोच.”

हे खरं आहे. पण त्याच्यासमोर कबूल करायची घाई नव्हती.

शुक्रवार, खानापूर आणि जांबोटीकडे

खानापूरची माती चांगली. पिढ्यान् पिढ्या इथे कौलं आणि भांडी होतात. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथलीच. दादाच्या डोक्यात एकच: ज्या खेळाला सगळं जग मातीच्या तबकड्यांचा खेळ म्हणतं, त्याची तबकडी खरोखरच मातीची करून बघायची. आजकालच्या तबकडीत माती औषधालाही नसते. डांबरासारखा राळेचा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी साच्यात दाबतात. व्यास 110 मिलिमीटर, उंची 25, वजन 105 ग्रॅम.

एका ओळखीच्या कुंभारकाकांच्या भट्टीवर गेलो. दादाने माप सांगितलं, कागदावर आकृती काढली. मधोमध घुमट, कडेला गोल वळ. काकांनी आकृती उलटी-सुलटी करून पाहिली.

“याचं काय करनार?”

“हवेत फेकून फोडणार.”

“फोडायचीच तर भाजायची कशाला?”

काकांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी या खेळाच्या इतिहासातल्या पहिल्या अडचणीवर नेमकं बोट ठेवलं होतं. आधी लोक जिवंत कबुतरं पेटीतून सोडत, नंतर काचेचे गोळे उडवत. 1880 च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने भाजलेल्या मातीची तबकडी काढली. ती उडायची झकास, पण इतकी कडक भाजलेली असायची की छर्रे लागले तरी घंटेसारखा आवाज करून तशीच पुढे जायची. लागली की नाही यावरून तंटे. मग राळ आणि चुनखडी आली.

काकांनी तोडगा काढला. उन्हात वाळलेल्या, अजून भट्टीत न गेलेल्या झाकण्यांची चळत पडली होती, त्यांतल्या तडा गेलेल्या काढून दिल्या. “या न्या. पैशाचं नंतर बघू.” भट्टीमागच्या मोकळ्या पडीक रानात आम्ही उभे राहिलो. पहिली झाकणी दांडीच्या खोबणीतच भुगा झाली. दुसरी वीसेक पावलांवर जाऊन पडली. पुढच्या मात्र दादाच्या हाताला वश झाल्या, कलून, भिरभिरत जाऊ लागल्या.

मामा सोबत होतेच. त्यांच्या हातात मी त्यांचीच काठी बंदुकीसारखी दिली. काठी खांद्याला, गाल काठीला टेकलेला, डावा हात पुढे. झाकणी सुटली. मामांनी काठी तिच्यावर आणली, श्वास रोखला, काठी स्थिर केली आणि तोंडाने “ठो!” केलं. तोवर झाकणी काठीच्या कितीतरी पुढे निघून गेली होती.

“हुकला,” मी म्हणाले.

“नेम बरोब्बर होता!”

“नेम बरोबर होता, पण काठी थांबली. थांबली की पाखरू गेलं.”

रायफलीचा सगळा धर्म स्थिर राहण्याचा, शॉटगनचा वळत राहण्याचा. तीस-पस्तीस मीटरवर पोहोचायला छर्ऱ्यांना सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी तबकडी दीड-दोन मीटर पुढे सरकते. म्हणून मागून येऊन तिला गाठायचं, ओलांडायचं, ओलांडता ओलांडता चाप दाबायचा आणि नंतरही वळणं सोडायचं नाही. हे हाताने होत नाही. कमरेपासून वरचं सगळं अंग एका खांबासारखं फिरलं पाहिजे. शिकवायला काडतूस लागत नाही, काठी पुरते. माझ्या मते पहिले काही महिने काठीच पुरवावी. सेमी-ऑटो की दुनळी हा वाद त्यानंतरचा, आणि तो आधी घालणारे बहुतेक जण दुकानदारांचं भलं करतात.

मामांची काठी हळूहळू वळायला लागली. शेवटच्या झाकणीला तर “ठो” म्हटल्यावरही ते इतके वळत राहिले की तोल जाऊन माझ्या खांद्यावर आले. कुंभारकाका भिंतीवर बसून हे सगळं बघत होते. त्यांची सून आतून म्हणाली, “शाळा सुटली की पोरांना सांगते, उद्यापासनं झाकण्या शिल्लक ऱ्हात न्हाईत.”

दुपारनंतर जांबोटीच्या बाजूला मामांच्या चुलतभावाकडे. इथून जंगल सुरू होतं. 2011 साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य याच तालुक्यात. भात काढून झालं होतं, खळ्यावर गवताच्या गंज्या. रात्री गवे उतरतात, रानडुकरं तर घरचीच. गव्याला कायद्याचं सगळ्यांत कडक संरक्षण आणि भातालाही कुणीतरी राखलं पाहिजे, अशा कात्रीत इथला शेतकरी आहे.

त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. शस्त्रकायद्यात अशा बंदुकीसाठी वेगळी तरतूद आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की पावती दाखवून परत आणायची. आमच्या आग्रहावरून त्यांनी ती खाली काढली आणि दारू न घालता भरण्याची रीत दाखवली. नळी आकाशाकडे. मापाने दारू. वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचा, गज उसळी मारून वर आला की दारू बसली असं समजायचं. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी घोडा अर्धा ओढून निपलावर केप, म्हणजे घोडा पडला की ठिणगी देणारी टोपी. दादाने फोनवर वेळ लावली होती. बोलत बोलत का होईना, त्यांना दोन मिनिटं लागली. तेवढ्यात दादाची बंदूक किती वेळा रिकामी होईल, हा हिशोब कुणी मांडला नाही.

“एकच बार,” मामांचे चुलतभाऊ म्हणाले. “तो पण आभाळात. आवाजासाठी. गवा काय भितोय, आमचंच मन राहतंय.”

रात्री बेळगाव बासमतीचा भात आणि कुळथाचं कढण. वास अजून नाकात आहे.

शनिवार, गोकाक आणि धुपदाळ

गोकाकचा धबधबा 52 मीटरचा. जानेवारीत तो धबधबा म्हणवून घ्यायला लाजतो. झुलत्या पुलाजवळ फोटो काढले, करदंट मिठाई घेतली, निघालो.

धुपदाळचा बंधारा म्हणजे घटप्रभेवरचं इंग्रजी आमदानीतलं काम. त्याच्या मागे साचलेल्या पाण्यात, बेटांवर आणि गाळात घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. इथे दादा बदलला. आतापर्यंत बडबड करणारा माणूस दुर्बीण लावून काठाच्या बाभळीखाली बसला तो तासभर हललाच नाही. हळदी-कुंकू बदकं पाण्यात डोकं खुपसून शेपट्या वर करत होती. पलीकडे चक्रवाकांची जोडी, गाळात शराटी, चित्रबलाक. उशिरा, उन्हं चढल्यावर, कांड्या करकोच्यांची रांग हरभऱ्याच्या रानांकडून आली. मध्य आशियातून इथवर येऊन ही पाखरं आमच्या शेतकऱ्याचा हरभरा खातात आणि पाहुणी म्हणून मिरवतात.

बदकांचा एक थवा वळसा घेऊन उतरायला लागला. पंख ताठ, पाय पुढे. दादाच्या उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर हललं. एकदा, दोनदा, जरा थांबून तिसऱ्यांदा.

मी म्हटलं, “पाडलीस?”

“पहिल्याला एक. दुसऱ्याला कदाचित. तिसऱ्याला काही नाही.” मग त्याने समजावलं. थवा उतरत असतो तेव्हा पहिला बार सोपा. आवाजाबरोबर बदकं सरळ वर उसळतात, दुसरा त्या उसळीवर टाकायचा. तिसरा टाकेपर्यंत ती पाठ करून पळत असतात आणि लांब गेलेली असतात. त्यात जखमी होऊन सुटण्याची भीतीच जास्त. “तिसरा बार बहुतेक वेळा स्वतःच्या समाधानासाठी असतो. मी आता सहसा टाकत नाही, आधीच्या बाराने पाण्यात जखमी पडलेलं असेल तरच.”

वर्षानुवर्षं फोनवर ज्या तिसऱ्या बाराचं कौतुक ऐकलं, त्याची ही किंमत! पण सेमी-ऑटोचा पट्टा त्याने सोडला नाही. थंडीने बधिरलेल्या बोटांनी, जाड हातमोज्यांत, गवताच्या आडोशात बसून दुनळी मोडणं-भरणं किती जड जातं ते सांगत राहिला. बदकासाठी काडतूस भारी लागतं, धक्का मोठा, तिथे वायूवाली बंदूक खांदा वाचवते. हे मला पटलं. बदकासाठी ती, तबकडीसाठी माझी, एवढ्यावर तात्पुरता तह.

तिकडच्या कायद्याची गंमत अशी की 1935 पासून तोही तिसऱ्या बारानंतर हात थांबवायला लावतो. स्थलांतरी पाखरांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं. जास्त मावत असतील तर नळकांड्यात लाकडाची किंवा प्लॅस्टिकची खुंटी घालून जागा बुजवायची. 1934 पासून सोळा वर्षांवरच्या दर बदक-शिकाऱ्याला बदकाचं तिकीट विकत घ्यावं लागतं आणि तो पैसा पाणथळी राखायला जातो. आणि 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे बंद. पाण्यात पडलेले छर्रे बदकं पोटात दाणे दळायला लागणारे खडे समजून गिळतात आणि विषाने मरतात, म्हणून. आता पोलादी छर्रे. पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे छर्रा मोठा घ्यावा लागतो आणि चोक फार घट्ट ठेवायचा नाही. ज्या वर्षी त्यांनी शिसं बंद केलं, त्याच वर्षी आपण बंदूकच बंद केली.

अभयारण्याचे राखणदार कानडी-मराठी मिसळून बोलत होते. दादा शिकार करतो हे ऐकल्यावर त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि मग, चहा पिऊन होईपर्यंत, आमच्या पिशव्यांपासून फारसे लांब गेले नाहीत.

रविवार, मुधोळ

मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, एकेकाळचं घोरपड्यांचं संस्थान. दादाला कारवानी कुत्री बघायची होती. मालोजीराव घोरपड्यांनी ही जात निगुतीने वाढवली, तिची जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट गेली, तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव चाललं. 2005 साली टपाल तिकिटावर आली, 2016 पासून लष्करानेही घेतली. तिम्मापूरच्या संशोधन केंद्रात लांब पायांची, आत गेलेल्या पोटाची ही जनावरं उन्हात पसरली होती. दादाच्या लॅब्राडोरचं काम पाण्यात उडी मारून पडलेलं बदक न चावता आणून देणं. कारवानी बघून धावणारा कुत्रा, ससा दिसला की सुटला. बदक आणायला सांगितलं तर, तिथले सेवक म्हणाले, “आणील, पण पोटातून.”

दुपारी वडिलांच्या जुन्या स्नेह्यांच्या वाड्यावर जेवायला. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, शेंगाचटणी, दह्यात कालवलेला ठेचा. जेवणं झाल्यावर बंदुकीचा विषय निघणारच होता. संस्थानी काळात या घरात पाच बारांची एक बंदूक होती, मागून चौकोनी कुबड असलेली. दादा ताठ बसला. “ब्राउनिंगची ऑटो-फाइव्ह!”

जॉन ब्राउनिंगने 1900 साली पेटंट घेतलेली ही पहिली यशस्वी सेमी-ऑटो शॉटगन. विंचेस्टर कंपनीने रॉयल्टी द्यायचं नाकारलं, म्हणून 1902 च्या जानेवारीत तो रेमिंग्टनकडे गेला आणि भेटीची वाट बघत बाहेर बसला असतानाच तिथले अध्यक्ष हृदयविकाराने वारले. मग बंदूक घेऊन त्याने बेल्जियम गाठलं. तिथल्या एफएन कारखान्याने ती बनवली आणि पुढे जवळजवळ शतकभर ती निघत राहिली.

वाड्यातली बंदूक केव्हाच सरकारजमा झाली होती. पण आजींनी सुनेला सांगून एक बिस्किटांचा डबा मागवला. बटणं, कुलपांच्या अनाथ किल्ल्या, चष्म्याची काडी आणि त्यांत एक पितळेसारखं जाड कडं. आतून गुळगुळीत, अंगठ्याहून रुंद, एका बाजूला चीर, बाहेरून स्प्रिंगच्या पट्टीचा वेढा. दादाने ते बोटात फिरवलं, चिरेवर नख लावलं.

“हे त्या बंदुकीचं आहे.”

“आम्ही गाडीचं समजत होतो,” आजींचा मुलगा म्हणाला.

दादाने कागदावर काढून दाखवलं. या बंदुकीत बार उडाला की बोल्टबरोबर सगळी नळीच मागे सरकते. तिला आवरायला काडतुसांच्या नळकांड्यावर स्प्रिंग असते, आणि हे कांस्याचं कडं त्या नळकांड्याला आवळून ब्रेकचं काम करतं. भारी काडतुसाला ब्रेक जास्त, हलक्याला कमी, तशी कड्याशेजारची पोलादी चकती वर किंवा खाली बसवायची. कडंच नसलं तर नळी पूर्ण जोराने मागे आदळते.

“मग काय होतं?”

“पुढचं लाकूड चिरतं. डाव्या हाताखालचं.”

आजींनी सुनेकडे पाहिलं, सुनेने त्यांच्याकडे. बंदुकीचं पुढचं लाकूड चिरलेलंच होतं, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली आजींनी लग्न होऊन आल्यावर पाहिली होती. कुणीतरी साफ करायला खोलली असणार, कडं जादा उरलं म्हणून डब्यात टाकलं असणार. आणि चिरेचा आळ आला होता शिकारीला बरोबर जाणाऱ्या गड्यावर, त्याने खडकावर आपटली म्हणून. बिचाऱ्याने देवापुढे हात ठेवून सांगितलं होतं की हातातून सुटली नाही. सासऱ्यांनी त्याला नंतर कधी शिकारीला नेलं नाही.

आजी थोडा वेळ कडं उलटसुलट करत बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, “त्याचा नातू स्टँडाजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतोय न्हवं? फोन लाव त्याला. म्हणावं, चहाला ये, काम हाय.”